पाटी कोणाच्या नावावर?

मागच्या महिन्यातील एका रविवारी सकाळी आम्ही पेपर चाळत बसलो होतो, तोच आमच्या गल्लीतील एक ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात व्हिजिटिंग कार्डांचा न फोडलेला गठ्ठा. या ताई कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत गेली नऊ वर्षे घरगुती केटरिंग करतात. बारसे, साखरपुडा, कुणाच्या निवृत्तीचा कार्यक्रम, असे काही असले की पन्नास ताटांपासून तीनशे ताटांपर्यंतची ऑर्डर त्या आणि त्यांच्या दोन जावा मिळून निभावतात. हाताला चव आहे आणि वेळेला पक्क्या आहेत. तरी त्या दिवशी चेहरा पडलेला होता.

"दादा, हे बघा काय झालंय," म्हणत त्यांनी मोबाइल आमच्यापुढे धरला. कार्डावर छापलेला वेबसाइटचा पत्ता त्यांनी उघडला होता. तिथे ताईंच्या पुरणपोळीचा फोटो असायला हवा होता. त्याऐवजी पत्ते, फासे आणि पैसे लावून दुप्पट करण्याचे आमंत्रण! अंबरनाथच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारले होते, "ताई, तुम्ही हा धंदा कधीपासून सुरू केला?" ते गृहस्थ ओळखीचे म्हणून त्यांनी विचारले तरी. अनोळखी माणूस विचारीत नाही, दुसरीकडे जातो. दीडशे ताटांची एक ऑर्डर त्याच आठवड्यात अशी न बोलताच गेली होती.

आम्ही पेशाने कारकून. कॉम्प्युटरचे शिक्षण आमचे नाही, बी.कॉम. होऊन खतावण्या आणि फायली सांभाळण्यात आयुष्य चालले आहे. पण कागद कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहायचे, ही सवय या नोकरीने लावली. म्हणून पहिला प्रश्न तोच केला, "ताई, हे नाव कोणाच्या नावावर घेतले होते?" ताईंना प्रश्नच कळला नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आम्ही ज्या दहा-बारा छोट्या व्यावसायिकांना हा प्रश्न आजवर विचारला, त्यांतील एखाद्यालाच तो कळला. म्हणून आजचे सदर या विषयाला देत आहोत.

झाले होते ते असे. २०२२ साली नात्यातल्या एका हुशार मुलाने आठ हजार रुपयांत ताईंना वेबसाइट करून दिली. मुलगा गुणी. त्याने काम मन लावून केले. पण नावाची नोंदणी करताना त्याने स्वतःचा ईमेल दिला, पासवर्डही त्याच्याच डोक्यात राहिला. पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागली, जुना ईमेल तो उघडीनासा झाला. नूतनीकरणाची मुदत आली, आठवणीची पत्रे त्या ईमेलवर जाऊन पडली, कोणी वाचली नाहीत. मुदत उलटल्यावर काही आठवडे जुन्या धन्याला पैसे भरून नाव सोडवता येते. तेही दिवस गेले आणि नाव बाजारात मोकळे झाले. अशी मोकळी झालेली नावे टिपून घेणारे लोक जगभर बसलेले असतात, कारण जुन्या नावावर येणारी वर्दळ त्यांना आयती मिळते. ताईंचे नाव जुगारवाल्याने घेतले ते असे.

येथे थोडे समजून घ्यावे लागेल. वेबसाइट म्हणजे एक वस्तू नाही, दोन आहेत. एक पाटी आणि दुसरा गाळा. पाटी म्हणजे तुमचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, उदाहरणार्थ अमुकतमुक डॉट इन. गाळा म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर तुमची पाने ठेवलेली असतात ती जागा, तिला होस्टिंग म्हणतात. दोन्हींचे भाडे वेगवेगळे असते आणि दोन्ही मुदतीने भरावे लागते. डोमेन 'विकत घेतले' असे सगळे म्हणतात, पण ते विकत कधीच मिळत नाही. एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या कराराने वापरायला मिळते. म्हणजे आपल्या लिव्ह अँड लायसन्ससारखेच. भाडे थांबले की पाटी उतरली.

गाळा बदलता येतो. होस्टिंगवाला पटला नाही तर पाने उचलून दुसरीकडे नेता येतात. पाटी मात्र एकदा गेली की गेली. कार्डे, बिले, टेम्पोवर रंगवलेला पत्ता, सगळे वाया. म्हणून आमचे सांगणे असे की वेबसाइट कोणाकडूनही करून घ्या, भाच्याकडून घ्या, दुकानदाराकडून घ्या, पण डोमेनची नोंदणी तुमच्या नावाने, तुमच्या मोबाइल नंबराने आणि तुम्ही रोज उघडता त्या ईमेलने झाली पाहिजे. पैसे भरल्याची पावती तुमच्या नावाची मागून घ्या. पासवर्ड एका वहीत लिहून ती वही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. (पासवर्ड वहीत लिहू नये असे शहाणी माणसे सांगतात. आमच्या अनुभवात चोरीपेक्षा विसरण्याने जास्त नुकसान झाले आहे. वही दुकानाच्या गल्ल्यावर ठेवू नका म्हणजे झाले.) शक्य असेल तर दोन-तीन वर्षांचे भाडे एकदम भरा आणि संपण्याची तारीख घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. आणखी एक. पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नका. कित्येक कंपन्या पहिले वर्ष अगदी स्वस्तात देतात आणि दुसऱ्या वर्षापासून दर चढवतात. दुसऱ्या वर्षाचा दर विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

नाव निवडताना फोनवर सांगून पाहावे. पलीकडच्या माणसाला एकदा ऐकून लिहिता आले तर ते नाव चांगले. इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारे होईल असे नाव घेऊ नये. देवनागरीतून डॉट भारत असे नावही २०१४ सालापासून घेता येते. आम्हाला ते मनापासून आवडते. तरी खरे सांगायचे तर गिऱ्हाइकाला ते टाइप करायची सवय नाही, म्हणून निदान पहिले नाव साधे डॉट इन किंवा डॉट कॉम घ्यावे असेच आम्ही सांगू.

आता कोणी म्हणेल, दादा, आम्ही भाजीची गाडी लावतो, आम्हाला वेबसाइट कशाला? बरोबर आहे, नकोच. शिवणकाम करणाऱ्या भगिनीला, इलेक्ट्रिशियन बंधूला, फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला सुरुवातीला वेबसाइटची गरज नाही, आणि ती घेतलीच पाहिजे म्हणून गळ घालणाऱ्या माणसाला चहा पाजून वाटेला लावावे. त्यांचे काम दोन फुकटच्या सोयींवर भागते.

पहिली सोय गूगलच्या नकाशावरची नोंद. 'माझ्या जवळ टेलर' असे कोणी फोनवर शोधले की जी दुकाने दिसतात ती याच नोंदीमुळे. तिला पैसे लागत नाहीत. 'आम्ही तुमची नोंद वर आणून देतो, वर्षाचे पाच हजार भरा' असे फोन येतात, त्यांना दाद देऊ नये. नोंद करताना खात्री पटवण्यासाठी बहुधा दुकानाचा, पाटीचा किंवा अवजारांचा छोटा व्हिडिओ काढून द्यावा लागतो, तो स्वतःच काढावा. घरातून काम करणाऱ्या भगिनींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घराचा पत्ता लोकांना न दाखवता नुसती 'आम्ही या या भागात सेवा देतो' अशी नोंद करता येते. ताईंनी मात्र पहिल्यांदा खोली नंबरासकट सगळा पत्ता टाकला होता, आणि रात्री साडेदहाला दोन अनोळखी माणसे 'जेवण मिळेल का' म्हणून दारात आली होती.

दुसरी सोय व्हॉट्सॲपचे धंद्यासाठी असलेले वेगळे ॲप, व्हॉट्सॲप बिझनेस. तेही फुकट आहे, २०१८ पासून आहे. त्यात वस्तूंची यादी फोटो व दरासह लावता येते, कामाची वेळ लिहिता येते, नेहमीची उत्तरे तयार ठेवता येतात. रात्री कोणी विचारणा केली तर 'सकाळी नऊला कळवतो' असा निरोप आपोआप जातो. आमच्या ओळखीचे एक मंडपवाले बंधू गिऱ्हाइकांवर निरनिराळ्या खुणा करून ठेवतात, आगाऊ मिळाले, बाकी राहिली, असे. हिशेबाच्या माणसाला हे पाहून फार बरे वाटते. धंद्याचा नंबर आणि घरचा नंबर शक्य तर वेगळा ठेवावा, आणि धंद्याचा नंबर बदलू नये. फ्रिजवाल्या एका बंधूंनी स्वस्त प्लॅनच्या नादाने तीन वर्षांत तीन सिमकार्डे बदलली. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन कोणा तिऱ्हाइताला जाऊ लागले, कारण बरेच दिवस न वापरलेला नंबर बंद होऊन दुसऱ्याला दिला जातो.

पण फुकट ओसरीवर संसार मांडला तर घरमालक केव्हा उठवील याचा नेम नसतो. गूगल याच नकाशाच्या नोंदीबरोबर छोट्या दुकानदारांना एक फुकट वेबसाइटही देत असे. मार्च २०२४ मध्ये त्यांनी ती सोय बंद केली आणि त्या सगळ्या वेबसाइट उतरल्या. त्याआधी जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा त्यावर साड्यांचे आणि मेंदीचे व्हिडिओ टाकून गिऱ्हाईक जमवणाऱ्या मुलींचे सगळे जमवलेले एका रात्रीत गेले. कोणाचा दोष होता आणि कोणाचा नव्हता हा वेगळा प्रश्न. गिऱ्हाइकांची नावे आणि फोन नंबर तुमच्या स्वतःच्या वहीत असतील तर उद्या कुठलेही ॲप बंद पडले तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन करू शकता. ही वही ठेवणारे आम्ही फार थोडे पाहिले.

वेबसाइट करायचीच असेल तर ती कशी असावी? ताईंच्या जुन्या वेबसाइटवर उघडल्या उघडल्या फुले पडत, मग गाणे वाजे, मग 'आमच्या संकेतस्थळावर आपले हार्दिक स्वागत' असे फिरते अक्षर येई. फोन नंबर शोधायला आम्हाला चार पाने उलटावी लागली. गिऱ्हाईक लोकलमध्ये उभे राहून एका हाताने फोन पाहत असते. त्याला पहिल्याच नजरेत तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. तुम्ही काय करता, कुठे करता, आणि बोटाने दाबला की लागेल असा फोन नंबर. 'दर्जेदार सेवा', 'ग्राहकांचा संतोष हेच आमचे ध्येय' या वाक्यांनी काही कळत नाही. ती सगळेच लिहितात. त्यापेक्षा 'कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ येथे ५० ते ३०० ताटांपर्यंत जेवण घरपोच. शाकाहारी व मांसाहारी. किमान चार दिवस आधी कळवावे' असे लिहिले तर माणसाला निर्णय घेता येतो.

दर लिहावेत की नाही याबद्दल मतभेद आहेत. आमचे मत, लिहावेत, निदान 'अमुक रुपयांपासून' एवढे तरी. ज्याला परवडत नाही तो फोन करणार नाही, तेवढाच तुमचा वेळ वाचला. फोटो आपल्याच ताटाचे असावेत, भले ते साध्या मोबाइलवर खिडकीच्या उजेडात काढलेले असोत. दुसऱ्याच्या हॉटेलचा चकचकीत फोटो उचलून लावला की गिऱ्हाईक ताट पाहून पहिल्याच दिवशी निराश होते. फोटो लहान आकाराचे करून चढवायला सांगावे, नाहीतर वेबसाइट उघडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात माणूस निघून जातो. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आहे ना तेही पाहावे. ते नसेल तर २०१८ पासून क्रोम ब्राउझर 'सुरक्षित नाही' असा शेरा दाखवतो. ते प्रमाणपत्र फुकट मिळते, त्याचे वेगळे पैसे कोणी लावले तर कशाबद्दल ते विचारावे.

मराठी मजकुराची एक गंमत सांगतो. ताईंनी पत्रिका छापणाऱ्याकडून मजकूर टाइप करून घेतला होता. छापखान्यात अजून पुष्कळ ठिकाणी जुने मराठी फॉन्ट वापरतात. तो मजकूर कागदावर सुंदर उमटतो, पण वेबसाइटवर डकवला की अक्षरांच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हे दिसतात. मग मुलाने काय केले, तर त्या कागदाचा फोटो काढून तोच लावला. दिसायला ठीक. पण कोणी 'कल्याण पुरणपोळी ऑर्डर' असे शोधले तर फोटोतल्या अक्षरांवरून ही वेबसाइट वर येणे कठीण, आणि डोळ्यांनी अधू माणसाचा फोन तो मजकूर वाचूनही दाखवत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. मोबाइलवर आपण रोज मराठीत मेसेज लिहितो, ते युनिकोडच असते. वेगळे काही शिकावे लागत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे सदर लिहिताना आमची लेखणी चार वेळा थांबली, ती सांगतो. नवीन वेबसाइट करायचे ठरल्यावर ताईंचा मुलगा म्हणाला, "आई, या वेळी आडनाव टाकू नकोस. नुसतं अन्नपूर्णा केटरर्स ठेवू." ताई गप्प बसल्या. मग त्यांनी सांगितले ते असे. एका मोठ्या सोसायटीतून फोन आला होता. मुलीच्या केळवणाचे जेवण, सव्वाशे ताटे. दर पटला, पदार्थ ठरले, तारीख ठरली. शेवटी त्या बाईंनी सहज विचारावे तसे विचारले, "आडनाव काय म्हणालात?" ताईंनी सांगितले. पलीकडे जरा शांतता, आणि "बरं, घरी विचारून कळवते." तो फोन पुन्हा आला नाही. नऊ वर्षांत असे किती वेळा झाले ते ताईंनी मोजलेले नाही.

धंद्यात नावावरून गिऱ्हाईक तुटणे आपल्याकडे नवीन नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९१७ साली परदेशातून परतल्यानंतर मुंबईत शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणाऱ्याची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. जेवणाच्या धंद्यात तर हा काटा जास्तच टोचतो.

आम्ही मुलाला दोष दिला नाही. पोरगा आईच्या भल्यासाठीच बोलत होता, आणि धंद्याचे नाव काय ठेवावे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. चार पोटे ज्या चुलीवर अवलंबून आहेत तिच्याविषयी दुसऱ्याने तत्त्वज्ञान सांगू नये. आम्ही फक्त व्यवहाराची बाजू मांडली. आडनाव पाटीवरून काढले तरी ते लपत नाही. खाद्यपदार्थांची एफएसएसएआय नोंदणी मालकाच्या नावाने असते आणि तिचा १४ अंकी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे सक्तीचे आहे. गिऱ्हाइकाने पैसे द्यायला क्यूआर कोड स्कॅन केला की बँकेच्या खात्यावरचे नाव त्याच्या फोनवर येते. म्हणजे ज्याला शोधायचे आहे त्याला जेवण झाल्यावर का होईना, कळतेच. मग पैसे देताना कुरबूर होण्यापेक्षा आधी कळलेले बरे, असे आम्हाला वाटते. पण हे आमचे वाटणे झाले. आम्ही कचेरीत बसून पगार घेतो. आडनाव ऐकून आमचा पगार कोणी थांबवत नाही.

ताई बराच वेळ कार्डांच्या गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मग मुलाला म्हणाल्या, "अन्नपूर्णा नको. माझंच नाव घाल, पुरं घाल. आणि फोटो पण लाव, कढईपाशी उभी आहे तो." मुलगा म्हणाला, "गिऱ्हाईक कमी होईल." ताई म्हणाल्या, "जे होईल ते रोजचं दुखणं तरी जाईल." यावर मायलेकांत त्या दिवशी एकमत झाले नाही.

याच अनुषंगाने आम्ही ताईंना 'उद्यम' नोंदणी करायला लावली. ही सूक्ष्म व लघु उद्योगांची नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. पण मोबाइलवर शोधले की वरच्या बाजूला सरकारी वाटाव्यात अशा तीन-चार खासगी वेबसाइट दिसतात आणि त्या हजार-दीड हजार रुपये घेतात. पत्ता वाचायची साधी रीत अशी, नावाच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असेल तरच ती केंद्राची किंवा राज्याची सरकारी वेबसाइट समजावी. मध्ये कुठेतरी 'जीओव्ही' ही अक्षरे घुसडलेली असली तर फसू नये. नोंदणीचा उपयोग काय? केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या जी खरेदी करतात, तिच्यापैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावी असे धोरण आहे. हे ४ टक्क्यांचे उद्दिष्ट २०१२ च्या आदेशापासून आहे. त्यासाठी सरकारचे जेम नावाचे खरेदीचे पोर्टल २०१६ पासून चालू आहे. तिथे आडनाव विचारून कोणी फोन ठेवत नाही, मात्र कागद चोख लागतात. या विषयाला स्वतंत्र लेख लागेल.

राहता राहिले बोलणे आणि लिहिणे. वेबसाइट कितीही चांगली केली आणि फोन उचलल्यावर पलीकडून "हां, बोला, कोण?" असे आले, तर काय उपयोग? धंद्याचा फोन उचलताना आपले नाव आणि काम सांगावे. घरातल्या लहान मुलाच्या हाती तो फोन देऊ नये. सुटलेला फोन त्याच दिवशी परत लावावा. फोनजवळ वही-पेन ठेवावे आणि बोलता बोलता तारीख, वेळ, ताटे, पत्ता लिहून घ्यावे. डोक्यात ठेवलेली ऑर्डर आणि वहीत लिहिलेली ऑर्डर यांत किती फरक पडतो ते ताईंना विचारा. एकदा 'सतरा' आणि 'सत्तर' यांच्या घोळात त्यांना त्रेपन्न ताटांचे जेवण ऐन वेळी रांधावे लागले होते.

बोलणे झाले की पाच मिनिटांत लेखी निरोप पाठवावा. बोललेला दर व्हॉइस मेसेजवर सोडून देऊ नये, पुढे तो शोधायचा म्हणजे अर्धा तास जातो. आम्ही ताईंना नमुना करून दिला तो असा: "नमस्कार. आपल्याशी बोलल्याप्रमाणे, रविवार दुपारी १२.३० वाजता ८० ताटे, शाकाहारी. प्रत्येकी २२० रुपये, एकूण १७,६०० रुपये. पोचवण्याचा खर्च यात धरला आहे, वाढप व भांडी धरलेली नाहीत. आगाऊ ५,००० रुपये मिळाल्यावर ऑर्डर पक्की धरू. उरलेले १२,६०० रुपये जेवण पोचल्यावर त्याच दिवशी. ताटांची संख्या बदलायची असल्यास शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावे. वरील बरोबर असल्यास 'होय' असे उत्तर पाठवावे." त्या एका 'होय'मुळे पुढची निम्मी भांडणे मिटतात. वाढप धरले आहे की नाही यावरून ताईंची दोन जुनी गिऱ्हाइके तुटली होती.

तक्रार आली तर फोनवर तावातावाने बोलू नये, आणि नकाशाच्या नोंदीखाली कोणी वाईट शेरा लिहिला तर तिथे भांडू नये. भाजी खारट झाली असेल तर झाली म्हणावे. खोटा शेरा असेल तर 'या तारखेला आमच्याकडे अशी ऑर्डर नव्हती, कृपया फोन करावा' एवढेच लिहावे. ते उत्तर शेरा लिहिणाऱ्यापेक्षा पुढचे शंभर वाचणारे पाहतात. नातेवाइकांकडून खोटी स्तुती लिहवून घेऊ नये. ती ओळखू येते आणि गूगलच्या नियमातही बसत नाही. रोज सकाळी सगळ्यांना 'शुभ सकाळ'चे फूल पाठवणारे बंधूही थोडे आवरते घेतील तर बरे. लोक नंबर बंद करून टाकतात, आणि मग खरा निरोपही पोचत नाही.

फसवणुकीविषयी एकच सांगतो, कारण गेल्या वर्षभरात आमच्याच वस्तीत दोघांना चटका बसला आहे. मोठी ऑर्डर देतो, आगाऊ पाठवतो, म्हणून फोन येतो आणि 'पैसे घेण्यासाठी पिन टाका' किंवा 'हा कोड स्कॅन करा' असे सांगतात. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये, आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन सहा अंकी पिनचे दुहेरी कुलूप लावून ठेवावे, नाहीतर धंद्याचा नंबरच दुसरा पळवतो. फसगत झालीच तर लाजून घरी बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

ताईंची नवीन पाटी आता त्यांच्याच नावाने, त्यांच्याच ईमेलवर, तीन वर्षांचे भाडे भरून लागली आहे. पासवर्डची वही कुठे आहे ते त्यांनी धाकट्या जावेलाही सांगून ठेवले आहे. जुनी कार्डे वाया जाऊ नयेत म्हणून मुलाने बसून प्रत्येकावर नव्या पत्त्याचे लेबल चिकटवले. नऊशे चाळीस भरली. त्या सोसायटीतल्या बाईंचा फोन काही आलेला नाही. उल्हासनगरहून मात्र एक गृहस्थ फोटो पाहून आले, साठ ताटांची ऑर्डर देऊन गेले, आणि जाताना "वाढपाचं धरलंय का यात?" असे विचारून गेले. ताईंनी त्यांना लेखी निरोप दाखवला.

ज्या वाचकांची वेबसाइट आहे पण ती कोणाच्या नावावर आहे हे माहीत नाही, त्यांनी या रविवारी करून देणाऱ्याला फोन करून विचारावे. भाचा असला तरी विचारावे. पुढील अंकात उधारी मागण्याच्या पत्राविषयी लिहू. त्याबद्दल तीन भगिनींनी आम्हाला विचारणा केली आहे.